एक निर्मिक, एक पंगत

ईश्वर एकच आहे असे मुखाने म्हणणे सोपे आहे. परंतु त्या एका ईश्वराची सारी लेकरे एका पंगतीस बसविणे फार अवघड आहे. हे अवघड काम सातारा व सांगली ह्या भागांत काहींनी हाती घेतले. त्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

१८६७ साली मुंबईस प्रार्थनासमाज स्थापन झाला. एका निराकार ईश्वराची भक्ती करावी, मूर्तिपूजा सोडावी व मनुष्यमात्रास बंधू मानावे, असे त्याचे मत होते. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे थोर विद्वान त्यात होते. तथापि तो बहुधा शहरांतील सुशिक्षितांतच राहिला. नांगर धरणाऱ्याच्या दारी एकेश्वरी मत नेले ते सत्यशोधक समाजाने. जोतीराव फुले ह्यांनी तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास स्थापिला. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. जोतीराव इंग्रजी शिकले ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत.

१. मत. जोतीराव परमेश्वरास ‘निर्मिक’ म्हणत. निर्मिक एक आहे, सर्व स्त्रीपुरुष त्याची लेकरे आहेत, म्हणून त्यांचे हक्क सारखे आहेत; आणि आईस भेटावयास लेकराला जसा दलाल लागत नाही, तसा भक्तालाही मध्यस्थ लागत नाही, ही त्यांची शिकवण होय. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ ह्या त्यांच्या ग्रंथात हे मत विस्ताराने आले असून तो त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, छापला गेला. आपण ख्रिस्तास मध्यस्थ मानतो. तेथे आपले मत निराळे आहे. परंतु जन्माने कोणी देवाजवळचा व कोणी दूरचा ठरत नाही, ह्याविषयी आपला त्यांच्याशी वाद नाही.

२. आचार. मताची परीक्षा लग्नाच्या मांडवात होते. तिथी पाहणारा पुरोहित, मंत्र म्हणणारा पुरोहित, आणि दक्षिणाही त्यासच. वधूवरांस मंत्राचा अर्थ मात्र कळत नसे. समाजाने पुरोहितावाचून लग्ने लावण्यास आरंभ केला. असे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी झाले. वधूवर आपल्याच मराठी भाषेत एकमेकांस वचन देऊ लागली. त्यापूर्वी, १८६८ सालीच, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला होता. पाणी व लग्न, ह्या दोन ठिकाणी जात सर्वांत घट्ट असते. म्हणून त्यांनी हात घातला तोही तेथेच.

३. सातारा जिल्ह्यातील फळ. विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधक जलसे गावोगावी फिरले, आणि ज्यास अक्षर येत नव्हते त्यासही हा विचार कानांनी कळला. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत, अंगमेहनत करीत आणि एकाच चुलीवरचे अन्न एका पंगतीस बसून खात. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांना धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने मोडले. उपदेश पुष्कळांनी केला होता. ह्या माउलीने त्याची किंमत भरली.

सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यातील येडे मच्छिंद्रचे नाना पाटील हे सत्यशोधक विचारांत वाढलेले. १९४३ ते १९४६ ह्या काळातील प्रतिसरकारात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी थोड्या खर्चाची ‘गांधी-लग्ने’ लावून अनेक शेतकऱ्यांना सावकाराच्या दारापासून वाचविले.

४. उणे. तथापि पुरोहितशाहीचा विरोध कित्येकांच्या मनात पुरोहिताच्या जातीचा द्वेष होऊन बसला. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर ह्याच भागात अनेक निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली. सर्व मनुष्ये निर्मिकाची लेकरे असतील, तर ब्राह्मणाचे लेकरूही त्यातलेच नव्हे काय? ही आग निर्मिकाच्या शिकवणीने लागली नाही. ती शिकवण अंतःकरणात उतरली नव्हती म्हणून लागली.

हे वाचून आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. देव एक, हे आपणही प्रत्येक रविवारी म्हणतो. म्हणून मंडळीने पुढील प्रश्नांचा विचार एकत्र बसून करावा.

(१) सत्यशोधकांनी आपल्या मताची परीक्षा लग्नातच का करून घेतली?

(२) एका चुलीवरचे अन्न मुलांना शाळेतील पाठापेक्षा अधिक काय शिकवते?

(३) आपल्या मंडळीत सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते काय? जात असेल, तर आपण ईश्वरास खरोखर एक मानतो काय?