राहणं आणि राहावं लागणं

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली. मूल शाळेत का येत नाही हे बघायला घरोघर फिरताना नवरा-बायको एकमेकांना धरून कशामुळे राहतात, हेही जवळून दिसत गेलं. त्यातून जे समजलं ते लिहिते.

१. लग्नाच्या विधीवाचूनही संसार टिकतो.
इथल्या वारली, कोकणा, ठाकूर या आदिवासी घरांत देज (मुलीकडच्यांना द्यायची रक्कम), मांडव आणि गावजेवणाला पैसा नसला, तर मुलगी मुलाच्या घरी राहायला येते. गावाला ते मान्य असतं. लग्न पुढे सवडीने, कधी मुलंबाळं झाल्यावर. चौथीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "बाई, उद्या नाय येणार. आईबाचं लगीन आहे." मी त्या लग्नाला गेले. सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहिला होता. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे बाईच, गाणी म्हणत होती आणि ही पोर नवा फ्रॉक घालून बापाच्या कानामागची ओघळलेली हळद पुसत होती. त्या दोघांनी तोवर भाताच्या किती आवण्या (लावण्या) एकत्र केल्या होत्या! त्यांना बांधून ठेवणारं जे काही होतं, ते हळदीच्या कितीतरी आधीचं होतं.

२. एकत्र केलेले कष्ट माणसाला धरून ठेवतात.
कॅरिल रस्बल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या सुमारास मांडलं की, नात्यातली बांधिलकी तीन गोष्टींवर ठरते: नात्यात मिळणारं समाधान, बाहेर असलेले पर्याय, आणि नात्यात आजवर घातलेलं सगळं. म्हणजे वेळ, मेहनत, मुलं, घर. नातं तुटलं तर जे परत हाती येत नाही ते.

मला हे वीटभट्टीवर पटलं. दिवाळी झाली की इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातात. तिथे काम जोडीने धरतात आणि मजुरी हजार विटांमागे मिळते. शाळेतल्या मुलांना शोधत गेले तेव्हा एक जोडपं पाहिलं. तिने साचा उलटून उचलला की त्याचा गाऱ्याचा गोळा तिच्या हाताशी आलेला असे. बराच वेळ दोघं एक शब्द बोलली नाहीत, पण हात कुठे अडला नाही. प्रेमाची चर्चा करताना आपण या सवयीच्या जुळणीला फार कमी किंमत देतो, असं मला वाटतं.

३. तीच जोडी बेडीही होते.
भट्टीवर जायच्या आधी मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. बहुतेकदा ती नवरा घेतो आणि फेडायची दोघांनी. मग त्याने दारू पिऊन मारलं तरी हंगाम संपेपर्यंत ती कुठे जाणार? या भागाला हे नवं नाही. पूर्वी लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघांनाही जमीनदाराकडे राबावं लागे; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर या पुढाऱ्यांबरोबर वारली उठले, तेव्हा ही गुलामी मोडली.

मारहाणीमुळे निवारागृहात आलेल्या बायकांचा अभ्यास रस्बल्ट आणि मार्ट्झ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्यापुढे पर्याय कमी आणि ज्यांची गुंतवणूक जास्त, त्या परत जोडीदाराकडे जाण्याची शक्यता जास्त होती. म्हणून "इतकं सोसते तर राहते कशाला?" हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. आधी तिला जायला जागा आहे का, ते विचारा.

४. निघता येत असूनही राहणारी माणसं खरी बांधलेली.
इथे काडीमोड घेता येतो. बाई दुसरा घरोबा करू शकते, विधवेचं पुन्हा लग्न लागतं. पंचांसमोर देजाचा हिशेब होतो आणि तिला कुणी आयुष्यभर नावं ठेवत बसत नाही. शहरातून आलेले काही सहकारी याला सैलपणा म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. तंटा करून माहेरी गेलेली बाई आवणीच्या दिवसांत आपणहून परत आलेली मी पाहिली आहे. कुणी आणायला गेलं नव्हतं. खाचरात उतरताना नवऱ्याने तिच्या हातात रोपांची मूठ दिली, तिने ती घेतली, आणि दोघं ओळीला लागली.

५. हक्क मागायला मात्र कागद लागतो.
१९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांच्यात रूढी चालते, आणि रूढी सिद्ध करणं गरीब बाईला जड जातं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. लग्न लागलं नाही म्हणून आपल्याला हक्क नाही, असं समजून गप्प बसलेल्या किती जणी भेटल्या! जुन्या विद्यार्थिनी संसाराला लागल्यावर भेटायला येतात. म्हणून त्यांना मी विचारते: रोजगार हमीच्या जॉबकार्डावर तुझं नाव आहे का? पासबुक कुणाकडे असतं? यंदा उचल घेताना तुला विचारलं होतं का?