गोबर गॅसच्या टाकीची जागा व उभारणी

शिरूर व दौंड तालुक्यांत दूधधंद्यामुळे संकरित गाईंचे गोठे गावोगाव झाले आहेत. चार-पाच मोठ्या जनावरांचे रोजचे सुमारे ५० किलो शेण दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास पुरते व मध्यम कुटुंबाचा स्वयंपाक त्या गॅसवर होतो. मात्र ही टाकी म्हणजे घराशेजारी साठविलेले ज्वालाग्राही इंधन होय, याचा बांधकामाच्या घाईत अनेकदा विसर पडतो.

प्रथम जमीन पाहावी. दौंडकडील भीमाकाठच्या गावांत काळी जमीन खोल आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. अशा जमिनीत खड्डा जरूरीपेक्षा रुंद खोदून बांधकामाभोवती मुरूम भरावा व पाणी मारून चोपावा. नाहीतर घुमटास केसासारखी चीर पडते आणि तेवढीही गॅस निसटण्यास पुरेशी असते. कालव्याखालील गावांत जवळच्या विहिरीची पावसाळ्यातील पातळी पाहून उंचवट्याची जागा निवडावी. शिरूरकडील माळावर मुरूम लवकर लागतो. तेथे खोदाई कष्टाची, पण पाया खात्रीचा. टाकी गोठ्याजवळ, दिवसभर ऊन लागेल अशा ठिकाणी असावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ती निदान १५ मीटर दूर ठेवावी. मोठ्या झाडांची मुळेही भिंत फोडतात.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून प्रसृत केलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅसचा दाब सारखा राहतो, परंतु लोखंडी टाकी गंजते. तिला दरवर्षी रंग द्यावा लागतो. १९८४ मध्ये पुढे आलेल्या दीनबंधू संयंत्रात लोखंडी टाकी नसल्याने खर्च कमी येतो, मात्र सारा भरवसा गवंड्याच्या गिलाव्यावर असतो. म्हणून प्रशिक्षित गवंडीच लावावा व शेण भरण्यापूर्वी टाकीत पाणी भरून गळतीची परीक्षा घ्यावी.

नळीस उतार द्यावा व सखल जागी साचलेले पाणी काढण्याची सोय ठेवावी. प्रत्येक सांध्यास साबणाचा फेस लावून गळती तपासावी. काडी ओढून कधीही पाहू नये. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के मिसळला तर स्फोट होतो. याच कारणाने हवा मिसळलेला पहिला गॅस उघड्यावर सोडून द्यावा. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने स्वयंपाकघरास छताजवळ झरोका हवा.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गॅस कमी येतो. तो संयंत्राचा दोष नव्हे. शेण कालविण्यास कोमट पाणी घेतल्यास काही फरक पडतो. परंतु गॅस का येत नाही हे पाहण्यासाठी कोणी टाकीत उतरतो, आणि अनर्थ होतो. आत श्वासास पुरेशी हवा नसते; शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढल्यावर नाकास जाणवेनासा होतो, तेव्हा वास नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो व त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. विहिरीत पेटता कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत येथे तर स्फोटासच आमंत्रण देते. गाळ बाहेरूनच काढावा. उतरणे अटळच असेल, तर टाकी रिकामी करून काही दिवस उघडी ठेवावी, पंख्याने आत हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावा व वर दोन सशक्त माणसे उभी करावीत. शेण घालण्याच्या व मळी बाहेर येण्याच्या दोन्ही हौदांवर फरश्या बसविल्याशिवाय संयंत्र चालू करू नये, कारण अंगणात खेळणारी मुले व सुटलेली वासरे त्यांतच पडतात.