प्रतिकृतीतील पाणी खरे कसे दिसेल?



दिवाळी आली की आपल्याकडे अंगणाअंगणातून मातीचे किल्ले उभे राहतात. बुरूज होतात, पायऱ्या होतात, मावळे मांडले जातात, उतारावर हळीव पेरून हिरवळही उगवते. पण तलावाची वेळ आली की सर्वांचीच अडचण होते. कोणी आरशाचा तुकडा ठेवतो, कोणी थाळीत पाणी भरतो, कोणी सरळ निळा रंग फासून मोकळा होतो. इतका सुंदर किल्ला, आणि तलाव मात्र खोटा! असे का व्हावे?

हा प्रश्न मला पडला तो रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या परिसरात. २०२१ च्या जुलैत महाडला मोठा पूर आला. त्याच्या पुढच्या वर्षी त्या भागातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मी गेलो होतो. तेथे दोन प्रतिकृती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एक होती रायगडावरील गंगासागर तलावाची. काठावरचे दोन्ही मनोरे मुलांनी फार मेहनतीने केले होते. तलावात खरे पाणी होते आणि त्यात कपड्यांना घालावयाची नीळ कालवली होती. दुसरी प्रतिकृती महाडच्या पुराची. तिच्यात गांधारी आणि सावित्री या नद्या चकचकीत निळ्या तैलरंगाने रंगविल्या होत्या.

दुसऱ्या प्रतिकृतीजवळ उभ्या असलेल्या मुलीला मी विचारले, "अगं, पुराचे पाणी तू पाहिले होतेस का?"

"हो सर. आमच्या घरात आलं होतं."

"असे निळे होते?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही सर. पण पाणी निळंच काढायचं असतं ना?"

मित्रहो, आजच्या लेखाचा विषय या एका उत्तरात आहे. आपण डोळ्यांनी पाहिलेले पाणी रंगवीत नाही. 'पाणी निळे' हे पाठ केलेले वाक्य रंगवितो.

खरे पाणी खोटे का दिसते?

प्रथम गंगासागराच्या प्रतिकृतीकडे वळू. तिच्यात तर खरेच पाणी होते. मग ते थाळीतले पाणी का वाटावे?

समजा, प्रतिकृतीचे प्रमाण १:१०० आहे. म्हणजे १६० सें.मी. उंचीचा माणूस १.६ सें.मी.चा झाला, ३ मीटर खोलीचा तलाव ३ सें.मी.चा झाला. सर्व वस्तू शंभरपट लहान झाल्या. पण पाण्याला कोण लहान करणार? पाण्याचा पृष्ठताण तोच राहतो, पृथ्वीचे गुरुत्व तेच राहते.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि कडेकडून बारकाईने पाहा. पृष्ठताणामुळे पाणी काचेवर दोन-तीन मिलिमीटर वर चढलेले दिसेल. हेच पाणी प्रतिकृतीच्या काठावर चढले, तर त्या प्रमाणात ते २० ते ३० सें.मी. चढल्यासारखे होते. म्हणजे इवल्या माणसाच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत! खऱ्या तलावाचे पाणी काठावर असे कधी चढते का?

लाटांचेही तसेच. पाण्यावरील लहान तरंग पृष्ठताणामुळे चालतात, मोठे तरंग गुरुत्वामुळे. दोघांची सीमा सुमारे १.७ सें.मी. तरंगलांबीपाशी आहे. वाऱ्याची झुळूक आली की तलावावर वीतभर लांबीचे तरंग उठतात. प्रतिकृतीत ते दोन-अडीच मिलिमीटरचे हवेत. पण थाळीतील पाण्याला धक्का लागला की सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब तरंग उठतात आणि ते क्षणात काठाला पोहोचतात.

आता धबधबा घ्या. पावसाळ्यात रायगडाच्या कड्यांवरून धबधबे कोसळताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ८० मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला, हवेचा विरोध सोडून दिला, तर खाली येण्यास सुमारे ४ सेकंद लागतात. प्रतिकृतीतील ८० सें.मी.चा धबधबा ०.४ सेकंदात खाली येतो. उंची शंभरपट कमी झाली, पण वेळ दहापटच कमी झाला. कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून प्रतिकृतीत नळी लावून पाणी सोडले की ते धबधब्यासारखे न दिसता नळासारखे दिसते.

पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्र शासनाची जल आणि विद्युत संशोधन करणारी संस्था आहे. १९१६ पासून चालत आलेल्या या संस्थेत धरणांच्या, नद्यांच्या व बंदरांच्या प्रतिकृतींत खरे पाणी सोडून अभ्यास केला जातो. तेथे वर्गमुळाचा हाच नियम वापरून प्रतिकृतीतील वेगावरून खऱ्या नदीतील वेग काढतात, आणि पृष्ठताणाचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रतिकृती पुरेशा मोठ्या ठेवतात. त्यांना पाण्याचे मापन करावयाचे असते. आपल्याला पाण्याचे रूप दाखवावयाचे आहे. तेव्हा आपल्या टेबलावरील प्रतिकृतीत पाणी न भरता ते रंगविणेच अधिक खरे ठरते.

पाण्याकडून डोळ्यांकडे काय येते?

रंगविण्यापूर्वी पाहावे लागते. एखाद्या मोठ्या माणसाबरोबर तलावाच्या काठी जा. (विहिरीत डोकावण्याचे धाडस करू नका.) आधी पायाजवळ सरळ खाली पाहा, मग दूरच्या पाण्याकडे पाहा. पायाजवळ तळातील खडे दिसतात. दूर मात्र आकाश, झाडे आणि पलीकडचा काठ दिसतो. पाणी एकच, मग हा फरक कसा?

पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरून परावर्तित होतो, उरलेला आत शिरतो. हा वाटा आपाती कोनावर अवलंबून असतो. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी केवळ २ टक्के परत येतो. कोन ४५ अंश झाला तर सुमारे ३ टक्के, ६० अंश झाला तर ६ टक्के, आणि ८० अंश झाला तर ३५ टक्के. शांत तलावाच्या काठी उभे राहून तुम्ही ३० मीटर दूरच्या पाण्याकडे पाहिले, तर हे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणून दूरचे पाणी आकाशाचा रंग घेते.

आता प्रतिकृती पाहणाऱ्याचा डोळा कोठे असतो? टेबलापासून साधारण ७० सें.मी. दूर आणि तितकाच वर. १:१०० या प्रमाणात हा प्रेक्षक ७० मीटर उंचीवर आहे! तो काठावर उभा असलेला माणूस नव्हे. तो घिरट्या घालणारी घार आहे. त्याला ४५ अंशांत केवळ ३ टक्के परावर्तन मिळते. त्याला आकाशापेक्षा पाण्याच्या पोटातून येणारा प्रकाशच अधिक दिसतो. तेव्हा तलावावर आकाशाचा निळा रंग फासणे ही भौतिकशास्त्राची चूक आहे.

पाण्याच्या पोटातील रंग

'समुद्र निळा दिसतो, कारण त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते' असे एके काळी अनेक शास्त्रज्ञही मानीत. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. त्यांनी खिशातील निकोल लोलकातून समुद्राकडे पाहिले. पाण्यावरून सुमारे ५३ अंशांत परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो आणि असा लोलक योग्य रीतीने फिरविला तर तो अडविता येतो. आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकल्यावरही समुद्र निळाच दिसला. उलट निळाई अधिकच खुलली! पाण्याचे रेणू प्रकाशाचे विकिरण करतात, असे त्यांनी मुंबई बंदरातून पाठविलेल्या पत्रात मांडले. याच विचाराचा पाठपुरावा करता करता १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच्या जोडीला शोषणही असते. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते. सुमारे दोन मीटर पाण्यातून जाताना गडद तांबड्या प्रकाशाचा निम्मा भाग नाहीसा होतो. पेल्यातील पाण्याला रंग दिसत नाही, कारण तेथे खोलीच नाही. आपल्या तलावांत शेवाळ आणि बारीक गाळही असतो, म्हणून ते निळ्याऐवजी हिरवट दिसतात. काठाशी तळाची माती दिसते, पुढे हिरवट छटा येते, आणि खोल मध्यभागातून प्रकाश परत येईनासा झाला की पाणी काळपट दिसते.

पुराच्या पाण्याची गोष्ट अगदी वेगळी. त्यात मातीचे असंख्य कण तरंगत असतात. प्रकाश आत फार खोल जाऊच शकत नाही. वरच्या थरातील कणांवरूनच परत फिरतो. मातीतील लोहाची संयुगे निळा प्रकाश शोषतात, म्हणून परत येणारा प्रकाश तांबूस, तपकिरी असतो. अशा पाण्यात काठ आणि मध्य असा रंगाचा भेद राहत नाही. म्हणून पुराच्या पाण्याची खोली नुसत्या नजरेने कळत नाही, आणि त्यात पाऊल घालणे म्हणूनच धोक्याचे असते.

आता रंगवू या

साहित्य: गुळगुळीत हार्डबोर्ड किंवा प्लायवूड, अ‍ॅक्रिलिक रंग, अ‍ॅक्रिलिकचे चकचकीत वॉर्निश, मऊ ब्रश, थोडा फेव्हिकॉल, कापूस.

१. तलावाची जागा अगदी सपाट करा आणि गवंडी वापरतात त्या लेव्हलने तपासा. साचलेले पाणी आपली पातळी राखते. किंचित तिरपा तलाव कितीही चांगला रंगविला तरी डोळ्यांना खटकतो.

२. वाऱ्याचे तरंग हवे असतील तर फेव्हिकॉलचा पातळ थर ब्रशच्या टोकाने टिपून लावा आणि पूर्ण वाळू द्या. तरंगांची उंची मिलिमीटरहून कमी ठेवा. मोठे तरंग केलेत तर तलावाचा समुद्र होईल.

३. काठाशी मातीचा रंग, मग शेवाळी हिरवा, मध्यभागी काळपट हिरवा, अशा क्रमाने रंग लावा. थर ओला असतानाच एक रंग दुसऱ्यात मिसळा. कोठेही रेघ दिसता कामा नये. पुराचे पाणी असेल तर मात्र सर्वत्र एकच अपारदर्शक गढूळ रंग द्या.

४. पाण्यालगतची माती अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात थोडी गडद करा. ओल्या मातीत प्रकाश अनेकदा आतल्या आत फिरतो व शोषला जातो, म्हणून ती काळसर दिसते.

५. रंग वाळल्यावर वॉर्निशचे तीन-चार पातळ थर द्या. प्रत्येक थर वाळेपर्यंत वर खोके पालथे घाला, म्हणजे धूळ बसणार नाही. काम खिडक्या उघड्या ठेवून करा. वॉर्निश काठाच्या कोरड्या मातीवर जाऊ देऊ नका.

६. धबधब्यासाठी कापसाचे तंतू लांबवून कड्यावर चिकटवा. फेसातील असंख्य बुडबुडे सर्वच रंगांचा प्रकाश परत पाठवितात, म्हणून फेस पांढरा दिसतो. तंतूही तेच करतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. पाण्यावर पांढऱ्या रंगाने चकाकी काढू नका. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, वाळलेल्या वॉर्निशचा सुमारे १.५. सरळ वरून पाहिले तर पाणी २ टक्के आणि वॉर्निश ४ टक्के प्रकाश परत पाठविते, आणि कोन वाढला की दोघांचेही परावर्तन त्याच रीतीने वाढते. म्हणजे पृष्ठभागाचे काम वॉर्निश आपण होऊन करते. प्रेक्षक खाली वाकला की मनोऱ्यांचे प्रतिबिंब त्यात दिसू लागेल. उभा राहिला की ते पुसट होईल. रंगविलेली चकाकी मात्र जागची हलत नाही आणि लगेच उघडी पडते. ध्यानात ठेवा: रंगाने पाण्याचे पोट दाखवावे, वॉर्निशने त्याची पाठ.

शेवटी

त्या मुलीने पुढच्या वर्षी पुराची प्रतिकृती पुन्हा मांडली. या वेळी पाणी दुधाच्या चहासारखे होते, सपाट, गढूळ, तळ न दाखविणारे. प्रदर्शन पाहण्यास आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "असंच होतं."

परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा ही पावती मोठी आहे. प्रयोगवहीत आपण न घेतलेले वाचन लिहीत नाही. तसाच न पाहिलेला रंग प्रतिकृतीला देऊ नये.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील एकाच तलावाचा किंवा नदीचा रंग जून, ऑक्टोबर आणि एप्रिल या महिन्यांत पाहून नोंदवा. फरकाची कारणे लिहा.

२. ध्रुवक काचांचा गॉगल मिळाल्यास तो डोळ्यांसमोर हळूहळू फिरवीत पाण्याकडे पाहा. तळ केव्हा स्पष्ट दिसतो? (सूर्याकडे पाहू नका.)

३. १:४०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत धबधब्याचा पडण्याचा वेळ कितीपट कमी होईल?

४. तलावाच्या जागी आरसा ठेवला तर तो खोटा का दिसतो? परावर्तनाच्या टक्केवारीवरून उत्तर द्या.