प्रभूमध्ये आनंद : नित्याच्या संसारासाठी एक पाठ

वाचनाचे भाग : फिलिप्पैकरांस पत्र 4:1–13, हबक्कूक 3:17–19, नहेम्या 8:9–12, रोमकरांस पत्र 12:15.



सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकू येतो. रविवारी उपासना होते, भजन रंगते, मन हलके होते. परंतु सोमवारी उजाडताच सोसायटीचे कर्ज, विहिरीचा आटलेला तळ, घरातील दुखणे आणि भावकीचा तंटा ही सारी दारात येऊन उभी राहतात. मग रविवारचा आनंद गेला कोठे? पौलाने सर्व काळ आनंद करण्याची जी आज्ञा केली, ती राबणाऱ्या मनुष्यास पाळता येण्याजोगी आहे काय? की ती पोटभर जेवणाऱ्यांसाठीच आहे? हा प्रश्न लहान नव्हे. त्याचे उत्तर न मिळाल्याने कित्येक जण मंडळीत येऊनही मनाने दूर राहतात. म्हणून आपण तो आज शास्त्राच्या उजेडात तपासून पाहू.

1. ही आज्ञा कोठून आली?

फिलिप्पै नगराशी पौलाची ओळख मोठ्या दुःखाची होती. तेथे त्यास व सीलास फटके मारून बंदिशाळेच्या आतल्या भागात घातले व त्यांचे पाय खोड्यात अडकविले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत व देवाची स्तोत्रे गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात आहे. पुढे ह्याच नगरातील मंडळीस त्याने पत्र लिहिले, तेव्हाही तो बंधनातच होता. मंडळीने ज्याच्या हाती मदत पाठविली तो एपफ्रदीत दुखण्याने मरणाच्या दारी जाऊन आला होता. असे असून ह्या चार अध्यायांच्या लहानशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आनंद करण्याची आज्ञा चवथ्या अध्यायाच्या चवथ्या वचनात आहे; परंतु त्याच्या अगोदर, दुसऱ्या वचनात, युवदीया व सुंतुखे ह्या दोघी भगिनींनी एकचित्त व्हावे अशी विनवणी आहे. म्हणजे मंडळीत बेबनाव होता! ज्याने आज्ञा लिहिली तो मोकळा नव्हता, आणि ज्यांस लिहिली तेही तंट्यावाचून नव्हते. तेव्हा सर्व काही सुरळीत झाले म्हणजे मग आनंद करू, असे म्हणण्यास येथे जागा उरत नाही.

मग ह्या आज्ञेचे मर्म कशात आहे? ते 'प्रभूमध्ये' ह्या शब्दात आहे. आपण जनावर दावणीला बांधतो तेव्हा दाव्यापेक्षा खुंट्याची काळजी अधिक करितो. खुंटा डळमळीत असेल तर दावे कितीही बळकट असून उपयोग नाही. आपल्या आनंदाचे दावे पिकाला बांधले असेल तर पीक गेले की तो सुटला; लोकांच्या मानाला बांधले असेल तर निंदा झाली की तो सुटला. पौलाने ते ख्रिस्ताला बांधले होते, आणि तो खुंटा बंदिशाळेतही हलला नाही.

अकराव्या व बाराव्या वचनांत तो म्हणतो की तृप्त राहणे आपण शिकलो आहो. शिकलो, हा शब्द उपदेशकांनी आवर्जून समजावून सांगावा. आनंदी स्वभाव कोणास जन्मतः असेल, कोणास नसेल. परंतु हा आनंद मुळाक्षरांप्रमाणे गिरवून गिरवून येतो. म्हणून ज्यास तो अजून आला नाही त्याने निराश होऊ नये.

2. आनंद म्हणजे नुकसानीवर पांघरूण नव्हे

हबक्कूक संदेष्ट्याचे शेवटचे शब्द आपल्या भागासाठीच लिहिले आहेत असे वाटते. तो सहा गोष्टींची नावे घेतो : अंजिराचे झाड, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा व गोठा. ही सहाही रिकामी झाली तरी आपण आपल्या तारणाऱ्या देवाविषयी उल्लास करू, असे तो म्हणतो. पाहा, त्याने नुकसान झाकले नाही. सावकाराच्या वहीतल्याप्रमाणे एकेक बाब मोजून मांडली, आणि मगच तो गाऊ लागला.

आपल्या डोळ्यांसमोर हे चित्र किती लवकर उभे राहते! सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाला 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याच्या वाट्यास 500 मिलिमीटरांच्या आसपासच येतो, कारण ढग डोंगरावरच रिते होतात. खटाव, आटपाडी व जत येथील शेतकरी व मेंढपाळ ह्यांस मेंढवाडा रिकामा होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 1972 सालच्या दुष्काळात खडी फोडून पोट भरलेली, मिलोची तांबडी भाकर व सुकडी खाऊन दिवस काढलेली वडील माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत, त्यांस विचारावे. आणि तासगावकडील बागाईतदारास विचारावे की घड भरलेला असता अवकाळी पाऊस आला म्हणजे द्राक्षवेलीची काय दशा होते. हबक्कूक अशा मनुष्यास 'तुझे काही गेले नाही' असे सांगत नाही. गेले ते गेलेच. परंतु देव गेला नाही, एवढेच तो सांगतो.

3. हरिपुराच्या पेवांचा दृष्टांत

सांगलीजवळ कृष्णा व वारणा ह्यांच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची चाल पुष्कळ वर्षांची. वरून पाहणाऱ्यास केवळ माती दिसे. पण खाली व्यापाऱ्याचे धन सुरक्षित असे, आणि भाव येईपर्यंत काही वर्षेही ते टिके. ख्रिस्ती मनुष्याचा आनंद काही अंशी असाच असतो. वरती कोरडी माती. चेहऱ्यावर श्रमाच्या रेघा. परंतु आत साठा असतो.

तरी दृष्टांत येथेच सोडू नये. 2005 सालच्या महापुरात ह्याच पेवांत पाणी शिरले व साठविलेल्या हळदीची मोठी नासाडी झाली. जमिनीतले उत्तमातले उत्तम कोठारही पुरापुढे टिकत नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कसर व जंग ह्यांविषयी जे सांगितले त्यात आपण पुराची भर घालू शकतो. म्हणून केवळ आत साठा असणे पुरेसे नाही. तो कोणाच्या हाती सोपविला आहे हे पाहिले पाहिजे. मनाचा निग्रह हेही एक पेवच आहे, आणि तेही एके दिवशी भरून वाहते. ख्रिस्ताच्या हाती दिलेला साठा मात्र पाण्याखाली जात नाही.

4. साताऱ्यातील एक उदाहरण

आपल्याच मातीतील एक उदाहरण घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर होत्या. आप्तेष्ट तुटले, मान गेला. 1917 साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास बिऱ्हाड केले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, परंतु ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांचा तो बंधुसंघ व्हावा, असा त्यांचा हेतू होता. पुढे दोन वर्षांच्या आतच, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईस प्रभूकडे गेले.

ह्या मनुष्याने आपल्या मंडळ्यांस शेकडो भजने दिली. ती अभंगासारख्या आपल्या ओळखीच्या चालींवर आहेत, म्हणून जात्यावर, मोटेवर, वाटेने चालताना ती ओठी बसली. पुस्तक वाचता न येणाऱ्या आजीलाही ती पाठ असत. आनंद गाण्यात भरून ठेवला म्हणजे तो रविवारपासून सोमवारपर्यंत आपोआप चालत येतो, हे टिळक जाणत होते.

आणि लक्ष्मीबाई? त्यांचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते. तरी 1934 पासून प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली असतील, त्यास ठाऊक आहे की पतीच्या विसरभोळ्या उदारपणाने घर किती वेळा रिते होई. ह्या सगळ्याचे वर्णन करिताना त्या रडगाणे गात नाहीत. स्वतःवर हसतात आणि वाचकास हसवितात. दुःख लपविले नाही आणि हास्यही सोडले नाही. संसारातील ख्रिस्ती आनंदाचे ह्याहून घरगुती चित्र आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

5. आनंद वाटल्याने टिकतो

नहेम्याच्या काळी लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले, तेव्हा त्यांस सांगण्यात आले की परमेश्वराविषयीचा आनंद हेच तुमचे सामर्थ्य आहे. पण त्याच वचनात आणखी एक आज्ञा आहे आणि ती आपण विसरतो : ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांस वाटे पाठवा. शेजारच्या चुलीकडे पाहिल्यावाचून जो आनंद होतो तो शास्त्रातला आनंद नव्हे.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेने सांगलीत व काठच्या गावांत हाहाकार केला, तेव्हा पुरापासून दूर असलेल्या गावांनी भाकरी बांधून पाठविल्या. त्या भाकरी कोणत्या जातीच्या वा धर्माच्या चुलीवरच्या, हे भुकेल्याने विचारले नाही. मिरजेस 1894 साली डॉक्टर विल्यम वान्लेस ह्यांनी रुग्णालय उघडले, तेथेही शुभवर्तमान प्रथम जखम धुण्याच्या व पट्टी बांधण्याच्या रूपाने पुष्कळांस भेटले. धीर देणे हे व्यासपीठावरचेच काम नाही. योसेफ नावाच्या एका लेव्यास प्रेषितांनी बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, हे नाव दिले. त्याने शेत विकून पैसे आणून दिले, आणि पुढे सर्व जण भीत असता शौलाचा हात धरून त्यास मंडळीत आणिले. ज्याच्या येण्याने दुसऱ्यास धीर येतो, असा एक तरी बर्णबा प्रत्येक वाडीत असावा.

येथे उपदेशक बंधूंस एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. रडणाऱ्यास 'आनंद करा' असे सांगू नका. रडणाऱ्यांबरोबर रडावे, असे रोमकरांस पत्रात आहे. आणि आनंदाची ही आज्ञा ज्याची, तो प्रभू स्वतः लाजाराच्या कबरेजवळ रडला. शोक हा विश्वासाचा अभाव आहे असे सांगून आपण घायाळ मनुष्यास दुसरी जखम करितो. त्यातही जो कर्जाने खचला आहे, जेवण टाकतो, कोणाशी बोलत नाही, 'माझ्यावाचून घराचे बरे होईल' असे म्हणू लागतो, त्यास एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, घरच्यांस सावध करावे, आणि त्यास डॉक्टराकडे न्यावे. मनाचे दुखणेही दुखणेच आहे. तापात जसे आपण प्रार्थनाही करितो व औषधही देतो, तसेच येथे करावे. अशा वेळी तुमच्या दहा उपदेशांपेक्षा तुमचे त्याच्या ओट्यावर बसणे अधिक मोलाचे ठरेल.

6. आठवड्याचा अभ्यास

शिकण्याची गोष्ट गिरवावी लागते, म्हणून पुढील चार गोष्टी ह्या आठवड्यात कराव्या.

पहिली : सकाळी कामास जाण्यापूर्वी कालच्या दिवसातील तीन उपकारांची नावे घेऊन देवाचे आभार मानावे. 'सर्व गोष्टींबद्दल' असे मोघम म्हणू नये; हबक्कुकाने नुकसान जसे नावानिशी मोजले तसे उपकारही मोजावे. दुसरी : रात्री दिवा मालविण्यापूर्वी घरच्या सर्वांनी मिळून एक भजन म्हणावे, आवाज चांगला नसला तरी चालेल. तिसरी : ज्याच्या घरी दुखणे किंवा तंगी आहे अशा एका घरी, ते मंडळीतले असो वा नसो, जाऊन यावे, रिकाम्या हाताने जाऊ नये. चवथी : बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्याशी रविवारपूर्वी आपण होऊन बोलावे. युवदीया व सुंतुखे ह्यांचे पुढे काय झाले हे शास्त्र सांगत नाही. आपले काय होणार हे मात्र आपल्या हाती आहे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

1. पौलाने हे पत्र लिहिले तेव्हा तो कोठे होता? एपफ्रदीतावर कोणता प्रसंग आला होता?
2. 'प्रभूमध्ये' हा शब्द काढून टाकिला तर ह्या आज्ञेचा अर्थ कसा बदलेल?
3. हबक्कुकाने कोणत्या सहा गोष्टी मोजल्या? आपल्या गावात त्यांच्या जागी कोणती नावे घालाल?
4. नहेम्याच्या 8 व्या अध्यायात आनंदाबरोबर कोणती दुसरी आज्ञा आहे?
5. शोक करणाऱ्यापाशी आपण कसे वागावे? आपल्या वाडीत आज कोणापाशी बसण्याची गरज आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने न देता पायांनी द्यावे. ज्या प्रभूने गालीलातील कोळ्यांबरोबर जाळी ओढताना, विहिरीवर पाणी मागताना व भाकर मोडताना आपला पिता प्रकट केला, तो आपल्या शेतात, चुलीजवळ व बाजाराच्या वाटेवर आपणांबरोबर असो. आणि त्याचा आनंद तुमच्यामध्ये परिपूर्ण होवो. आमेन.