मागावर राहणारा माणूस

नळावर पाणी भरताना समोर उभा. क्लासच्या वाटेवर मागे. रिक्षाच्या रांगेत दोन माणसं सोडून पुन्हा तोच. अंगाला हात लावत नाही, म्हणून घरचे म्हणतात, 'तू लक्षच देऊ नकोस.'

आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही घेतला, कारण हा त्रास आधी शरीरावर दिसतो. झोप उडते, छातीत धडधडतं, पाळी पुढेमागे होते. अंधारात सार्वजनिक संडासला जायला लागू नये म्हणून मुली पाणी कमी पितात, मग लघवीला जळजळ सुरू होते. जळजळीवर गोळी मिळते, पाणी का पीत नाहीस हे कुणी विचारत नाही.

नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे येऊन बोलायला बघणं, किंवा तिच्या मोबाइलवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. २०१३ साली तो कायद्यात आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सोही लागतो.

'नाही' एकदाच म्हणायचं, पण स्पष्ट. 'आमचे पप्पा रागावतील' असं कारण देऊ नये. त्याला वाटतं, अडचण पप्पांची आहे, हिची नाही. त्यानंतर उत्तर द्यायचं नाही, शिवीसुद्धा नाही. वीस फोन टाळून एकविसावा चिडून उचलला, तर एकवीस केले की ती उचलते एवढंच तो शिकतो. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर पाठवा, मगच ब्लॉक करा. एका वहीत तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होतं ते लिहीत जा. चौकीत 'तो त्रास देतो' एवढ्यावर समज देऊन सोडतात. दहा तारखा समोर ठेवल्या की टाळणं कठीण जातं. रिचार्जच्या दुकानात मुलीचा नंबर मोठ्याने सांगू नका. आणि भावाने मारायला जाऊ नये. केस भावावरच होते.

या गुन्ह्यात जबाब महिला पोलिसाने घ्यायचा असतो. हद्द आमची नाही असं म्हणाले तरी झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. त्याची प्रत फुकट मिळते. त्याला मुलीची जात माहीत असेल आणि तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमंही लावायला सांगा. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्या.

आणि तो आपल्याच गल्लीतला, जयंतीच्या वर्गणीला पुढे असणारा पोरगा असला तर? मग वस्तीची अब्रू आठवते, चार माणसं बसून मिटवतात आणि मुलीचा क्लास बंद होतो. आम्हाला हे मान्य नाही. बाहेरच्याला लागतं तेच कलम त्यालाही लागतं.

क्लास चालू ठेवा. आठवडाभर आई, आत्या, शेजारची ताई, कुणीतरी सोबत जा. वाट आणि वेळ बदला. वाटेवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवा. धोका वाटला तर ११२, सल्ला हवा तर १८१, लहान मुलीसाठी १०९८. हे तिन्ही नंबर तिला तोंडपाठ हवेत, कारण मोबाइल हिसकावला जाऊ शकतो.