घटक ५ : सौम्योक्ती आणि सायकल शर्यतीतील डोपिंगची परिभाषा



या घटकात आपल्याला सौम्योक्तीचा विचार करावयाचा आहे. सौम्योक्ती आपल्या घरातच नांदते. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' असे आपण म्हणतो, रात्री दुकान 'वाढवतो', घराबाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. यात कोणाचीही फसवणूक होत नाही. अशुभाचा उच्चार तेवढा टळतो. बांगडी फुटली आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. मात्र वस्तुस्थिती झाकण्यासाठीच योजलेली सौम्योक्तीही असते. तिचा अभ्यास करण्यासाठी 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीचे उदाहरण घेऊ.

५.१ 'उत्तेजक' हा शब्द पुरेसा आहे का?

मराठी वृत्तपत्रे 'उत्तेजक द्रव्य सेवन' असा शब्दप्रयोग करतात. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू पर्वताच्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. अँफेटामिन थकव्याची जाणीव दडपते आणि माणसाला खरोखरच उत्तेजित करते. तेथे हा शब्द चपखल बसतो. पुढे आलेल्या 'ईपीओ'चे मात्र तसे नाही. हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्यास प्रवृत्त करते. त्याचे कृत्रिम रूप मूत्रपिंडाच्या रुग्णांमधील रक्तक्षयावर औषध म्हणून आले. सायकलपटूंनी ते घेतले ते रक्तातून स्नायूंना अधिक प्राणवायू मिळावा म्हणून. त्याने काही 'चढत' नाही. रक्त मात्र दाट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. 'उत्तेजक' म्हटले की वाचकाच्या मनात क्षणिक मोहाचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात हे काम आठवडेच्या आठवडे, वेळापत्रक आखून, वैद्यकीय देखरेखीखाली चालत असे. म्हणून या घटकात मी 'डोपिंग' हाच शब्द ठेवला आहे. त्याच्या मुळाशी दाट सार किंवा सॉस या अर्थाचा एक डच शब्द आहे, असे सामान्यतः मानले जाते. (या क्षेत्रातील जागतिक आणि भारतीय संस्थांची लघुनामे अनुक्रमे 'वाडा' आणि 'नाडा' अशी आहेत. मराठी कानाला ती फारच घरगुती वाटतात, त्याला इलाज नाही.)

५.२ शर्यतीच्या आतील भाषा

सायकल संघात खेळाडूंचे अंग रगडणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये 'स्वान्यर' म्हणतात. म्हणजे काळजी घेणारा. जुलै १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या विली व्होएट या स्वान्यरची मोटार फ्रान्स-बेल्जियम सीमेजवळ अडवली गेली. तिच्यात ईपीओचा मोठा साठा निघाला. 'काळजी' या शब्दात काय काय सामावले होते, ते जगाला त्या दिवशी कळले. आर्मस्ट्राँगच्या संघात ईपीओला 'एडगर' म्हणत. अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो याच्या आडनावावरून. काहीही न घेता धावण्याला स्पॅनिशमध्ये 'भाकरी-पाण्यावर' धावणे म्हणत. या शब्दाकडे नीट पाहा. प्रामाणिक खेळाडूला येथे उपाशी, गरीब ठरवले आहे.

नियमांची भाषाही याला अपवाद नव्हती. ईपीओची खात्रीशीर चाचणी २००० पर्यंत उपलब्ध नव्हती. म्हणून १९९७ पासून रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. ती ओलांडणाऱ्यास १५ दिवस थांबवले जाई. पण 'दोषी' म्हणून नव्हे, 'आरोग्यरक्षणा'साठी! १९९९ च्या जूनमध्ये इटलीची शर्यत जवळजवळ जिंकलेला मार्को पांतानी याच नियमाने बाहेर पडला.

५.३ शब्दकोशाची साक्ष

लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात विजेतेपदे मिळवली. २०१२ मध्ये अमेरिकी डोपिंगविरोधी संस्थेने २६ साक्षीदारांच्या आधारे आपला निर्णय दिला आणि ती सर्व काढून घेण्यात आली. त्याआधी वर्षानुवर्षे तो दोन विधाने आलटून पालटून करत असे : 'मी घेतले नाही' आणि 'मी चाचणीत कधी दोषी ठरलो नाही'. दुसऱ्या विधानातून पहिले सूचित होते, सिद्ध होत नाही. ऐकणाऱ्यांनी हा फरक केला नाही, आणि त्या बेसावधपणावर त्याची बरीच वर्षे निभावली.

जानेवारी २०१३ मधील कबुलीच्या मुलाखतीत त्याने सांगितले की, आपण फसवणूक या शब्दाची व्याख्या शोधून पाहिली होती. प्रतिस्पर्ध्याजवळ नसलेला लाभ मिळवणे, असा तिचा अर्थ त्याला आढळला. सगळेच घेत असल्याने आपल्याला ती लागू पडत नाही, असे तेव्हा वाटल्याचे त्याने सांगितले. शब्दकोश वापराची नोंद करतो, निर्दोषत्वाचा दाखला देत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पण येथील खरी गोम 'सगळेच' या शब्दात आहे. क्रिस्टोफ बासाँ हा फ्रेंच खेळाडू काही घेत नव्हता. त्याच्या फेस्टिनातील सहकाऱ्यांनीच तपासात तसे सांगितले होते. १९९९ च्या शर्यतीत तो डोपिंगबद्दल उघडपणे लिहू-बोलू लागला, तेव्हा धावत्या शर्यतीत आर्मस्ट्राँगने त्याला गाठून निघून जाण्यास सुनावले. इतर खेळाडूंनीही त्याला वाळीत टाकले आणि थोड्याच दिवसांत बासाँने शर्यत सोडली. ज्या व्याख्येत 'सगळे' सामावले होते, तिच्यातून हा एक माणूस आधीच बाहेर काढलेला होता.

कृती : डोपिंगविषयीची एखादी मराठी बातमी घ्या. 'आढळले', 'सापडला', 'दिले गेले' अशी क्रियापदे अधोरेखित करा आणि प्रत्येक वाक्य कर्तरी प्रयोगात लिहून पाहा. द्रव्य कोणी आणले, कोणी टोचले, कोणी पैसे दिले, यांपैकी कोणता कर्ता बातमीत मिळतच नाही, ते नोंदवा.