भाड्याच्या घराची दलाली : भार कोणावर?

२०११च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच वेळी नागरी भागात सुमारे १.११ कोटी घरे रिकामी होती. रिकामे घर आणि घराच्या शोधात असलेले कुटुंब यांची गाठ घालून देण्याचे काम दलाल करतो. हे काम निरुपयोगी नाही. प्रश्न आहे तो त्याचे मोल कोणी द्यावे, हा. मुंबईत एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली बहुधा भाडेकरूकडून आणि पुष्कळदा घरमालकाकडूनही घेतली जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे कराघात आणि करभार यांतील भेद आठवावा. पैसे ज्याच्या हातून जातात त्याच्यावर कराघात होतो. अंतिम ओझे ज्याच्यावर पडते त्याच्यावर करभार असतो. हे ओझे कायद्याच्या शब्दांवरून नव्हे, तर मागणी व पुरवठा यांच्या सापेक्ष लवचिकतेवरून ठरते. घरांची टंचाई असलेल्या शहरात मालकावर दलाली लादल्यास तो ती भाड्यात मिसळणार, असा युक्तिवाद म्हणूनच केला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे.

समजा, मासिक भाडे २०,००० रुपये आहे. नव्याने शहरात आलेल्या नोकरदारास पहिल्या महिन्याचे भाडे, दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याची दलाली मिळून ८०,००० रुपये पहिल्याच दिवशी उभे करावे लागतात. अनामत परत मिळते, दलाली मिळत नाही. तीच रक्कम मालकाने भरून ११ महिन्यांच्या भाड्यात पूर्णपणे मिसळली, तर भाडे दरमहा सुमारे १,८१८ रुपयांनी वाढेल. एकूण बोजा तितकाच राहिला, तरी पगारातून हप्त्याहप्त्याने देणे आणि कर्ज काढून एकरकमी देणे यांत अंतर आहे. अल्प उत्पन्न गटासाठी हे अंतर म्हणजे शहरात पाय ठेवता येणे किंवा न येणे. अर्थात, भाडे त्याच वाढीव पातळीवर राहिले आणि भाडेकरू ३३ महिने राहिला, तर त्याचे जवळजवळ ६०,००० रुपये जातील. दीर्घकाळ राहणाऱ्याचा तोटा होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रधान आणि अभिकर्ता यांच्या संबंधाचा आहे. दलालाची निवड बहुतेक वेळा मालक करतो, बिल मात्र भाडेकरूच्या नावे निघते. निवडणारा खर्च सोसत नसेल, तर दर कमी करून घेण्यात त्याला स्वारस्य नसते. भाडेकरूला घर आवडले की त्याच्यापुढे दुसरा दलाल निवडण्याचा पर्यायच उरत नाही. मालकाला स्वतः पैसे द्यावे लागले, तर तो घासाघीस करील. दलाली १०,००० वर आली, तर भाड्यातील वाढही सुमारे ९०९ रुपयांवर येईल. शिवाय भाडेकरू बदलण्याचा खर्च अंगावर येत असल्याने चांगला भाडेकरू टिकविण्याकडे त्याचा कल राहील. ११ महिन्यांनी करार संपताच नूतनीकरणाची दलाली मागण्याची आपल्याकडील रीत याच्या नेमकी उलट दिशेने जाते. त्या वेळी शोधून देण्यासारखे काही उरलेले नसते.

जर्मनीने १ जून २०१५ पासून ‘जो काम सांगेल तो पैसे देईल’ हे तत्त्व निवासी भाड्यास लागू केले. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूंकडून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक शुल्कांवर बंदी आली. न्यूयॉर्कमध्ये दलाली अनेकदा वार्षिक भाड्याच्या १५ टक्क्यांपर्यंत जात असे. तेथील नगर परिषदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केलेला कायदा ११ जून २०२५ पासून अमलात आला.

भारतात २०१६ चा स्थावर संपदा कायदा दलालांना नोंदणीची अट घालतो, परंतु ती खरेदी-विक्रीच्या व्यवहारांपुरती. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मर्यादित केली. मात्र मालक-भाडेकरू संबंध हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय (नोंद १८) असल्याने केंद्राला केवळ नमुना देता येतो, स्वीकार राज्यांनी करावयाचा असतो. मालकावर जबाबदारी टाकणे आपल्या कायद्यास नवीन नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. दलालीचे कलम त्याच धर्तीवर लिहिता येईल.

मात्र त्यात एक पळवाट बुजवावी लागेल. ‘दलाल मीच नेमला’ अशी सही भाडेकरूकडून घेणे टंचाईच्या बाजारात मुळीच कठीण नाही. न्यूयॉर्कच्या कायद्याने म्हणूनच मालकाच्या संमतीने घराची जाहिरात करणारा दलाल मालकाचाच, असे गृहीत धरले आहे. जर्मनीत तर भाडेकरूने काम सोपविल्यानंतर केवळ त्याच्यासाठीच शोधलेल्या घराची दलाली त्याच्याकडून घेता येते.